बॉनेटवरचा गेंडा

३ फेब्रुवारी
आजपासून डायरी. रोज. फक्त माझ्यासाठी, त्यामुळे संपूर्ण खरं लिहायचं असा नियम.

काल शाळेच्या हॉलमध्ये आमच्या लघुप्रतिकृती मंडळाचं प्रदर्शन झालं. जबरदस्त. मंडळात मी, पायलट आणि छोट्या. मी अध्यक्ष. पायलट बँकेत कॅशियर आहे, फक्त विमानं बनवतो आणि आजवर एकाही विमानात बसलेला नाही. छोट्या म्हणजे हिचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच मागच्या खोलीत राहतो. तीन माणसांचं मंडळ म्हणून लोक हसतात. तिसरा माणूस सहा फूट उंच आहे हे त्यांना माहीत नसतं.

छोट्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. मेण कोरणं, साचा घेणं, ओतणं, घासणं, सगळं त्याच्या हातात आहे. त्याने गेंडा कंपनीचा जुना रोडरोलर बनवलाय. वीतभर लांब, हुबेहूब, पुढचा रूळ खरोखर फिरतो. कवळ्यांचंच मटेरियल वापरल्यामुळे पहिला नग हिरड्यांसारखा गुलाबी निघाला होता. रंग द्यायची सूचना माझी.

बाकी माझं काम म्हणजे मार्गदर्शन, बॉक्स, आणि मुख्य म्हणजे बॉनेटवरचा गेंडा. कंपनीच्या चिन्हाचे स्टिकर मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापतो आणि स्वतः चिकटवतो. गेंडा बसेपर्यंत तो नुसता रोलर असतो. गेंडा बसला की जीव येतो. म्हणजे निम्मं काम माझंच.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, हा रूळ पोकळ आहे की भरीव, आणि ओतला कसा? तेवढ्यात मला फोन आला. म्हणजे आला नाही, पण मी तो कानाला लावला आणि हॉलबाहेर जाऊन बराच वेळ हो-हो, बघतो-बघतो केलं. परत आलो तर गृहस्थ छोट्याशी बोलत होते आणि छोट्या चक्क उत्तरं देत होता. त्याची बायको वारल्यापासून तो परक्या माणसाशी बोललेला मी पाहिला नव्हता.

आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं. कशाचं ते नक्की सांगता येत नाही.

५ फेब्रुवारी
काल लिहायचं राहिलं. यापुढे नाही.

बॉक्सवर 'अधिकृत प्रतिकृती' असं छापलं. वजन येतं. छोट्याने विचारलं, भावोजी, कंपनीला विचारायला नको का? मी म्हटलं, मॅनेजमेंट माझ्यावर सोड. त्याने सोडलं.

६ फेब्रुवारी
मोठी बातमी. २२ मार्चच्या मोठ्या प्रदर्शनात आपल्याला टेबल मिळालं. देशभरातून लोक येतात. त्याहून मोठी बातमी म्हणजे छोट्या म्हणाला, मी उभा राहतो टेबलापाशी, लोकांनी विचारलं तर सांगेन. ही स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नंतर डोळे लाल. म्हणते, कांदा. कांदे तर संपलेत, सकाळी मलाच आणायला सांगितले होते.

मला म्हणाली, अहो, एवढं सुखरूप पार पडू दे, मग मला काही नको. मी म्हटलं, मी आहे ना.

९ फेब्रुवारी
रोलरचे फोटो इंटरनेटवर टाकले. खाली लिहिलं, गेंडा कंपनीच्या मान्यतेने. मान्यता मागितली असती तर दिलीच असती. उगाच त्यांचा वेळ कशाला घ्या.

१२ फेब्रुवारी
प्रतिसाद तुफान. तिघांनी रोलर मागवला. एकाने लिहिलं की काम अप्रतिम, पण गेंडा वाकडा लागलाय आणि खाली हवेचा बुडबुडा राहिलाय. जळतात लोक. कमेंट डिलीट केली.

संकल्प: चिमटा विकत घेणे. स्टिकर लावताना टीव्ही बंद ठेवणे.

१८ फेब्रुवारी
कंपनीचं जाडजूड पाकीट आलं. माझ्या नावाने, अध्यक्ष म्हणून. वर गेंडा, एकदम सरळ बसलेला. अभिनंदनाचं पत्र असणार हे उघड होतं. एकट्याने फोडणं बरं दिसेना, म्हणून संध्याकाळी मंडळाची बैठक घेतली. हिने चहा केला. पायलट कॅमेरा घेऊन उभा. मी उभं राहून पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

वकिली नोटीस होती.

आमचा ट्रेडमार्क विनापरवाना वापरलात. अधिकृत म्हणून लोकांची फसवणूक केलीत. लायसन्स नसताना विक्री केलीत. स्टिकर, बॉक्स, तयार माल आणि सर्व साचे कंपनीच्या ताब्यात द्या, नाहीतर कोर्ट. मी 'फसवणूक' या शब्दाशी थांबलो आणि म्हटलं, पुढचं सगळं टेक्निकल आहे. पण छोट्या माझ्या खांद्यावरून वाचत होता. उंच माणसाचा हा त्रास.

पायलटने नेमका तेव्हा फोटो काढला. डिलीट कर म्हटलं तर म्हणे, अध्यक्ष, चांगला आलाय.

१९ फेब्रुवारी
लढायचं! निर्णय पक्का. एवढी अवाढव्य कंपनी, रस्ते दाबते, डोंगर फोडते, आणि घरात बसून वीतभर रोलर करणाऱ्यावर उठली. एक पाऊल मागे घेणार नाही. तसं जेवताना सगळ्यांना सांगितलं.

छोट्या जेवलाच नाही. एवढंच विचारलं, साचे नेतील का? ते साचे त्याने लॅबमधून आल्यावर रोज थोडे थोडे करत बनवलेत. ही म्हणते, बायको गेल्यावर त्याचे हात ज्यांनी धरून ठेवले ते साचे आहेत. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, साच्याला हात लावायचा तर आधी माझ्याशी गाठ आहे. हात ठेवायला जरा टाचा वर कराव्या लागल्या, पण परिणाम झाला. तो उठून थोडंसं जेवला.

२१ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना नोटीस दाखवली. त्यांचं काम भाडेकरू आणि घरमालकांचं, पण कायदा तो कायदा. त्यांनी विचारलं, अधिकृत हे कोणी छापलं? म्हटलं, मंडळाने. मान्यतेने हे कोणी लिहिलं? म्हटलं, मंडळाने. चष्म्यावरून बघितलं त्यांनी माझ्याकडे.

सल्ला दिला: ते बोलावतील. जा. आमच्याकडून चूक झाली, चिन्ह काढतो, एवढंच म्हणा. बाकी तोंड उघडू नका. त्यांनी वाट दिली तर निमूट त्या वाटेने बाहेर या. मी येऊ का सोबत?

म्हटलं, गरज नाही. हा माणूस भित्रा वाटतो.

२६ फेब्रुवारी
ऑफिसात असताना कंपनीच्या कायदा विभागातून मॅडमचा फोन. मी कडक बोलायचं ठरवून ठेवलं होतं. तीन मुद्दे टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात जी मॅडम, हो मॅडम, नक्की मॅडम एवढंच झालं. शेजारचा टायपिस्ट विचारतो, घरून होता का?

पाच मार्चला मीटिंग. घरी सांगितलं की कंपनीने माझ्याकडे वेळ मागितली आणि मी दिली.

४ मार्च
आरशासमोर सराव. शेवटचं वाक्य असं: मॅडम, हौस ही काही गुन्हा नव्हे. मग थांबायचं. मग उठायचं. ही म्हणाली, उठायच्या आधी ते काय म्हणतात तेही ऐका. बायकांना स्ट्रॅटेजी कळत नाही.

छोट्याने माझे बूट पॉलिश करून ठेवले. मी सांगितलं नव्हतं.

५ मार्च, संध्याकाळ
मीटिंग उत्तम झाली. सविस्तर उद्या.

६ मार्च
सविस्तर उद्या.

७ मार्च
संपूर्ण खरं लिहायचं असा नियम मीच केलाय. डायरीच्या पहिल्या पानावर आहे, खोडता येत नाही. बघितलं खोडून, शाई पसरते.

तर मीटिंग. काचेची खोली. मॅडम माझ्या भाचीच्या वयाची, बोलायला शांत, आणि शेजारी एक जण लॅपटॉपवर टाइप करत होता. टेबलावर आमचा रोलर. इंटरनेटवरून मागवणाऱ्या तीन हौशी ग्राहकांपैकी एक कंपनीचाच माणूस होता.

मॅडमने रोलर उचलून इकडून तिकडून बघितला. म्हणाली, सर, आमच्या मशीनच्या पुढच्या जाळीला दहा पट्ट्या आहेत. यात अकरा आहेत. म्हणजे हे आमचं मशीन नाहीच असं म्हणता येईल. कुठलातरी काल्पनिक रोलर आणि त्यावर चुकून लागलेलं चिन्ह. तसं असेल तर तुम्ही तेवढं चिन्ह काढा, मी आज फाइल बंद करते.

एवढं बोलून ती थांबली. आता कळतंय की ती दार उघडून धरून उभी होती. मी फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर. वकीलसाहेबांनी घोकून घेतलं होतं.

पण दहा? दहा!! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मॅडम, दहा तुमच्या नव्या मॉडेलला. जुन्याला अकराच. तुमचंच मशीन तुम्हाला माहीत नाही? आणि खुर्चीतून उठून मी तिला दाखवायला लागलो. ही उतरण बघा, तुमचीच. डाव्या बाजूला एक बोल्ट कमी आहे, तोही तुमचाच. काल्पनिक कसलं, सुतासुताने तुमचं आहे. मी स्वतः मोजलंय सगळं.

मोजलं छोट्याने. बांधकाम खात्याच्या यार्डामागे एक जुना रोलर गंजत पडलाय, त्याच्यापुढे पोटावर झोपून. मी सावलीत बसून बिस्किटं खात होतो आणि आटप म्हणत होतो.

टाइप करणाऱ्याने मान वर करून बघितलं. मॅडमने रोलर हळूच खाली ठेवला. म्हणाली, मग सर, ही तर हुबेहूब नक्कल झाली. विनालायसन्स, चिन्हासकट, अधिकृत म्हणून. हे गंभीर आहे. कोणी केलं हे सगळं?

बाकीचं उद्या.

८ मार्च
ऑफिसात काम फार. लिहायला वेळ नाही.

रविवार आहे आज. ऑफिस बंद आहे.

९ मार्च
पाचावर धारण बसली होती, हे आधी लिहून ठेवतो.

मी म्हणालो, मेहुणा. साचे त्याचे, डिझाइन त्याचं. तिने विचारलं, बॉक्स? म्हटलं, तोही त्याचाच. स्टिकर? त्यानेच. मी नावापुरता अध्यक्ष, मॅडम. मी त्याला वारंवार ताकीद दिली, ऐकत नाही हो. तो जरा तसाच आहे.

जरा तसाच आहे, हे मी बोललो. बोलताना कपाळाशी बोट फिरवून दाखवलं का, ते आठवत नाही.

आठवतंय. दाखवलं.

हौस ही काही गुन्हा नव्हे, हे वाक्य म्हणायचं राहूनच गेलं.

१० मार्च
शांतपणे विचार केला. याला भ्याडपणा म्हणता येणार नाही. लढाईत सेनापती आधी सुरक्षित हवा, तरच पुढे काही करता येतं. शिवाय मी नोकरीवाला माणूस, ऑफिसात समजलं की स्टिकर कुठल्या प्रिंटरवर छापले तर केवढ्याला पडेल? आणि छोट्या खरंच कमी बोलतो. म्हणजे जरा तसाच आहे यात खोटं काही नाही.

चांगलं वाटलं. मग छोट्या माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि परत वाईट वाटलं.

हिने माहेरी फोन करून सांगितलंय की हे एकटे जाऊन कंपनीला भिडले.

११ मार्च
मॅडमचा फोन. चौदा तारखेला या, मेहुण्यांना घेऊन. म्हटलं, त्याची तब्येत बरी नसते. म्हणाली, तुम्ही सांगितलंत ते लक्षात आहे सर, पण ते आलेच पाहिजेत.

छोट्याला म्हटलं, फॉर्मॅलिटी आहे. त्याने विचारलं, मला बोलावं लागेल का? म्हटलं, नाही रे. त्याने लगेच इस्त्री काढली.

संकल्प: वाटेत त्याला सगळं सांगून टाकणे.

१३ मार्च
अंगात कणकण. हिने थर्मामीटर लावला. काही नाही. म्हटलं, आतून आहे. म्हणाली, आतून असेल तर उद्या जाऊन या, बाहेर पडेल.

१४ मार्च
वाटेत बसमध्ये गर्दी होती. तिथे काय सांगणार.

१५ मार्च
काल पुढे लिहवलं नाही.

तीच काचेची खोली. या वेळी मोबाइल बाहेर जमा करून घेतले. टेबलावर तोच रोलर. छोट्याने आत येताच तो बघितला आणि नकळत बोटाने रूळ फिरवून पाहिला, नीट फिरतोय ना म्हणून. मॅडम हसली. छोट्याने हात मागे घेतला आणि सॉरी म्हणाला.

मग मॅडम म्हणाली, मागच्या मीटिंगची नोंद मी वाचून दाखवते, चुकलं असेल तर सांगा. मला वाटलं होतं वरवर वाचेल. तिने सगळं वाचलं. अध्यक्षांच्या म्हणण्यानुसार साचे मेहुण्यांचे, बॉक्स मेहुण्यांचा, स्टिकर मेहुण्यांचे. अध्यक्षांनी वारंवार ताकीद दिली होती. मेहुण्यांची मानसिक स्थिती ध्यानात घ्यावी, असं अध्यक्षांनी सुचवलं.

सुचवलं. किती सभ्य शब्द शोधला होता तिने.

मी टेबलाकडे बघत होतो. जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात ना, तसलं काही मनात येत नाही अशा वेळी. मनात येत होतं की या टेबलाची कड किती गुळगुळीत घासलीये. छोट्याला हे दाखवायला हवं, असंही आलं. मग आठवलं की छोट्या शेजारीच बसलाय आणि सगळं ऐकतोय.

मी आता म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. मॅडम, स्टिकर मी लावले, बॉक्स मी छापला. घसाही खाकरला होता. पण त्याच्या आधी छोट्या म्हणाला, बरोबर आहे. भावोजींचा काही दोष नाही. सगळं मीच केलं.

मॅडमने विचारलं, स्टिकरसुद्धा?

म्हणाला, स्टिकरसुद्धा.

तिने रोलर उचलून उजेडात धरला. म्हणाली, ज्या हाताने ही जाळी कापली, त्याच हाताने हा गेंडा लावला? वाकडा आहे, खाली बुडबुडा आहे, आणि शिंग जाळीवर आलंय.

छोट्या म्हणाला, घाईत लागला.

मॅडमने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझा हात आपोआप खिशात गेला, पण फोन बाहेर जमा होता.

मग तिने कंपनीचा निर्णय सांगितला. रोलर मशीन विभागात पाठवला होता. तिथली जुनी माणसं तो हातातून सोडेनात म्हणे, अकरा पट्ट्या बघून एकाने तर खुर्चीच ओढून घेतली. ते मॉडेल कधीच बंद झालंय. त्याच्या हौशी प्रतिकृतीला कंपनीची हरकत नाही. साचे घरीच राहू देत, प्रदर्शनात मांडा, थोडे बनवा. फक्त गेंडा काढा, बॉक्सवरचं अधिकृत काढा, आणि इंटरनेटवरचं ते मान्यतेने काढा.

जीव भांड्यात पडला माझा. अर्ध्या मिनिटाने बाकीचं समजलं. जे जे काढायचं होतं ते ते माझं होतं. छोट्याने केलेल्या एकाही गोष्टीवर कोणाची हरकत नव्हती. आणि त्या सगळ्याच्या खाली आता छोट्याचं नाव आहे.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. छोट्या खिडकीशी. म्हणाला, भावोजी, ताईला काय सांगायचं?

म्हटलं, तुला वाटेल ते सांग. मला वाटलं, भडकेल. भडकायला हवा होता. हात उचलायला हवा होता, सहा फुटी माणूस आहे.

म्हणाला, तुम्ही सोडवलंत असं सांगू. तिने माहेरी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं, हे मला तिथे बसल्याजागी माहीत होतं.

१७ मार्च
ही खूश आहे. माझ्यासाठी नवा शर्ट आणला, प्रदर्शनासाठी. मी तिला सांगणार होतो. वाक्य तयार होतं: ऐक ना, त्या दिवशी मी. एवढ्यात तिने शर्ट माझ्या छातीला लावून बघितला आणि म्हणाली, शोभतो हो तुम्हाला. मग कसं सांगणार?

चहा प्यालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण चहा प्यालो.

१९ मार्च
सगळ्या रोलरवरचे गेंडे खरवडून काढले. हे काम मी मागून घेतलं. नखं झिजली. लावताना मी डिंक भरमसाट वापरला होता, त्यामुळे बॉनेटवर पिवळट गोल डाग राहिले. छोट्याला म्हटलं, वर रंग मार. म्हणाला, असू दे. म्हटलं, अरे वाईट दिसतं. म्हणाला, असू दे भावोजी.

उरलेल्या स्टिकरचा गठ्ठा कपाटात आहे. शंभरेक गेंडे असतील. मीच परवा म्हणत होतो की कंपनी गेंड्याच्या कातडीची आहे. तो विचार मागे घेतो.

संकल्प: कुठलाही संकल्प न करणे.

२२ मार्च
प्रदर्शन. अवाढव्य हॉल, खचाखच माणसं. आमचं टेबल मधल्या रांगेत. समोरच्या पाटीवर 'संकल्पना व मार्गदर्शन' म्हणून माझं नाव वर आणि मोठं, छोट्याचं खाली. पाटी फेब्रुवारीतच छापून घेतली होती. सकाळी मी माझं नाव कागदाने झाकायला गेलो तर ही म्हणाली, हे काय करताय, आणि कागद काढून टाकला.

छोट्या उभा राहिला. आधी हात कुठे ठेवायचे कळेना त्याला. मग कोणीतरी रुळाबद्दल विचारलं आणि तो बोलायला लागला. हळूहळू, अडखळत, पण थांबला नाही. मेण, साचा, हिरड्यांचा गुलाबी रंग. लोक हसले, तोही हसला. ही गर्दीच्या मागे उभी राहून बघत होती. आज कांद्याचं नाव काढलं नाही तिने. सरळ रडली.

एका बाईंनी बॉनेटवरच्या डागावर बोट ठेवून विचारलं, इथे काय होतं? मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो. मला सगळं ऐकू आलं.

छोट्या म्हणाला, तिथे आमच्या भावोजींचं काम होतं. कंपनी चालू देत नाही म्हणून काढावं लागलं. जागा तशीच ठेवलीये.

बाईंनी माझ्याकडे आदराने बघितलं.

मी फोन कानाला लावला आणि बाहेर पडलो. हो-हो. बघतो. नंतर बोलू. दारापाशी समोरून मॅडम आली. कायदा विभागाची. साध्या कपड्यांत, सोबत तिचे वडील असावेत. मी मान हलवून खूण केली की महत्त्वाचा फोन आहे, आणि जोरात म्हटलं, हां हां, सांगा ना, ऐकतोय.

आणि कानाशीच फोन वाजला. भलामोठा आवाज ठेवलाय मी रिंगचा.

मॅडम थांबली नाही. एवढंच म्हणाली, घ्या सर, आता खरा आलाय. आणि वडिलांना घेऊन आत गेली, आमच्या टेबलाच्या दिशेने.

फोन हिचा होता. म्हणाली, अहो, कुठे आहात? फोटो काढायचाय. पायलट कॅमेरा घेऊन कधीचा उभा आहे, आणि छोट्या तुमच्याशिवाय उभा राहायला तयार नाही.

गेलो. छोट्याने सरकून मला मध्ये घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. पायलट तीनदा म्हणाला, अध्यक्ष, मान वर करा.